फादरांचा प्रश्न

माझी श्रद्धा ज्यांच्यामुळे शहाणी झाली, त्यांत आमच्या धर्मग्रामातले एक येशूसंघीय फादर आहेत आणि काही भयपटही आहेत. भयपटांचं नाव घेतलं की आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही क्रूसाची खूण करतात. त्यांची भीती मी हलकी मानत नाही. कॅथलिक माणसानं भुताखेतांचे, सैतानाचे सिनेमे पाहावेत का, हा प्रश्न मीही बरीच वर्षं उराशी धरून होतो. त्याचं जे काही उत्तर आज माझ्याजवळ आहे, ते फादरांनी दिलेलं आहे.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. हरेगावचं मतमाउलीचं, म्हणजे मारियेचं, तीर्थस्थान जवळच. सप्टेंबर लागला की नोव्हेना सुरू व्हायची आणि ८ तारखेच्या मारियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास यात्रेला पायी निघालेले जथे आमच्या दारावरून जायचे. त्याच गावात वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचे आणि अंगणात रात्रभर पिक्चर चालायचे. रामसे बंधूंचा १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’ मी तिथं, गोधडीत तोंड खुपसून पाहिला. त्यातला सैतान सामरी त्रिशुळाला घाबरतो हे पाहून मी क्रूसाकडेही तसंच बघू लागलो. रात्री जपमाळ मुठीत घट्ट धरून झोपायचो. ती प्रार्थना नव्हती, ताईत बांधण्यातलाच प्रकार होता. आजूबाजूलाही तेच होतं. बाप्तिस्मा झालेल्या घरांतसुद्धा कुणी आजारी पडलं की आधी ‘बाहेरचं’ बघायचं, उतारा टाकायचा, भगताकडे जायचं, आणि मग मिशनच्या दवाखान्यात सिस्टरकडे.

नगरला कॉलेजात असताना ‘द एक्सॉर्सिस्ट’ची कॅसेट मिळाली. विल्यम फ्रीडकिनचा १९७३ सालचा हा सिनेमा विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या कादंबरीवर आहे. ब्लॅटी स्वतः कॅथलिक होते आणि येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठात शिकले होते. सिनेमातले फादर डायर ही भूमिका तर विल्यम ओमॅली या खऱ्याखुऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंनी केली आहे. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सैतानानं झपाटलेल्या मुलीची फिरणारी मान आणि तिचं हवेत उचललं गेलेलं शरीर तेवढं डोक्यात राहिलं. आपण काहीतरी अशुभ घरात आणलं असं वाटून मी सुट्टीत फादरांकडे गेलो आणि हे पाप आहे का, असं विचारलं.

ते व्हरांड्यात पत्रं लिहीत बसले होते. पेन खाली न ठेवता म्हणाले, “पापाचं मग बघू. त्या मुलीला तिच्या आईनं आधी कुठं नेलं, ते सांग.”

मला सांगता आलं नाही.

“मग तू पिक्चर पाहिलाच नाहीस,” एवढं बोलून त्यांनी पाकीट चिकटवलं.

मी तो पुन्हा पाहिला. आई मुलीला आधी डॉक्टरांकडे नेते. तपासणीवर तपासणी होते. गळ्यात सुई खुपसून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात, तेव्हा त्या यंत्राचा खटखटाट ऐकवत नाही. माझ्या मते साऱ्या सिनेमातलं सगळ्यांत भीतिदायक दृश्य तेच, आणि त्यात सैतानाचं नावही नाही. मुलीसाठी बोलावलेले फादर कारास स्वतः मनोविकारतज्ज्ञ. ते सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत, पुरावे मागतात, आणि पुढं परवानगीसाठी बिशपांकडे जावं लागतं. हे कथेपुरतं नाही. चर्चच्या १९८३ सालच्या कायद्यातलं ११७२ वं कलम तेच सांगतं, की स्थानिक धर्माध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणालाही भूतबाधा उतरवण्याचा विधी करता येत नाही. आधी आजार नाही याची खात्री करून घ्यावी, असं १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या मावसबहिणीला त्रास सुरू झाला. बोलता बोलता नजर एका जागी खिळायची, ओठ चावल्यासारखे हलायचे, मग हातपाय ताठ. शेजारणी कांदा फोडून नाकाशी धरायच्या, नाहीतर चप्पल हुंगवायच्या. भगतानं अंगारा दिला, पडक्या विहिरीवरची बाई लागली म्हणून सांगितलं. मावशी शेवटी फादरांकडे रडत गेली, “फादर, तुम्हीच काढा आता हे.”

ते आले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. पवित्र पाणी शिंपडलं जाईल, आरडाओरडा होईल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझीही होती, सिनेमा दोनदा पाहूनसुद्धा. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना केली आणि तिच्याच खाटेवर बसून खिशातली डायरी काढली. झटका किती वेळ टिकतो? जीभ चावली जाते का? कपडे ओले होतात का? नंतर काही आठवतं का? मावशी सांगत गेली, ते लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी मिशनच्या जीपमधून त्यांनीच तिला नगरला नेलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला. फेफरं निघालं. रोज रात्रीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू झटके थांबले. तिला चाबकानं मारायला निघालेला एक नातेवाईक होता, हेही इथं लिहून ठेवतो. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा यायला २०१३ साल उजाडलं, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

पुढं फादरांनीच मला इग्नाती लोयोलांची रोजची आत्मपरीक्षा शिकवली. झोपण्याआधी दिवस डोळ्यांपुढून घालवायचा आणि मनाला कशानं उभारी आली, कशानं ते कोरडं पडलं, ते पाहायचं. सिनेमालाही हीच कसोटी लाव, असं ते सांगत. भयपट पाहून रात्री प्रार्थना करवते का, की मन नुसतं चाळवलेलं राहतं?

त्या कसोटीवर काही सिनेमे माझ्यासाठी फार मोलाचे ठरले. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ २०१७ साली आला. त्यात भूत उसाच्या फडात आहे, आणि त्यामागे मुलगाच हवा म्हणून मारलेल्या पोरी आहेत. आमच्याकडे दारापासून उसाचे फड. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८५२ मुली होत्या. तो सिनेमा पाहून आलो त्या रात्री मी बराच वेळ गुडघ्यांवर होतो. राही अनिल बर्वेंच्या ‘तुंबाड’नं लोभाचं जे रूप दाखवलं, ते मला लोभावरच्या कुठल्याही प्रवचनात भेटलं नव्हतं. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकननं ४५ चांगल्या चित्रपटांची यादी काढली होती. तिच्यात मुर्नाऊचा १९२२ सालचा ‘नोस्फेरातू’ हा पिशाच्चपट आहे. जुन्या माणसांना मी हे सांगतो तेव्हा ती क्षणभर गप्प होतात.

‘द नन’ मात्र मला बघवला नाही. सिस्टरांच्या वेषातलं ते पिशाच्च पडद्यावर आलं आणि मला पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्या, रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणाऱ्या आमच्या सिस्टर आठवल्या. मी उठून बाहेर आलो. दुसऱ्या कुणाला त्यात वावगं वाटणार नाही, हेही मान्य आहे.

इथं मला पौलाचा आधार वाटतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न आहे. ज्याला कळतं त्याला ते अन्न बाधत नाही, पण त्याच्या खाण्यानं दुबळ्या मनाचा भाऊ अडखळत असेल तर त्यानं ते सोडावं, असा पौलाचा कल आहे. फादर गेले त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना विचारलं, की भयपटांचंही तसंच मानायचं का. ते म्हणाले, “तुझ्या मावसबहिणीला विचार.”

मी विचारलं. ती आज दोन मुलांची आई आहे, गोळ्या कधीच्या सुटल्या. म्हणाली, “तुला बघायचं तर बघ दादा. मी नाही बघणार. ओट्यावरची ती माणसं मला अजून दिसतात.” ती माहेरपणाला मावशीकडे आली की आमच्याकडे मुक्कामाला येते. तेव्हा पोरांनी कितीही हट्ट केला तरी घरात तसला सिनेमा लावत नाही, आणि का लावत नाही ते पोरांना सांगतो.