पहिलं नाव कुणाचं?

माधवनगरच्या बाजारात चहाच्या गाड्यावर आमचा वाद पेटायचा : आपल्या भागातला थोर पैलवान कोण? मी म्हणायचो, कवठेपिरानचे मारुती माने. १९६२ ला जकार्ताच्या एशियाडात सुवर्ण अन् रौप्य, १९६४ ला हिंदकेसरी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं पदक कांस्यच की!

एकदा वडलांनी ऐकलं. म्हणाले, "कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून पैसं फेडलं. तुझं सोसायटीचं फिटलं का रं?"

मी गप्प.

खाशाबा १९८४ ला गेले, अर्जुन पुरस्कार मरणानंतर मिळाला. त्या सुगीला मी कर्ज फेडलं, मगच गाड्यावर गेलो. पहिलं नाव खाशाबांचं घेतलं.