दुखतं कुठं?

आमच्या बेळगावात दुखणं सांगायला दोन भाषा आहेत. घरात 'पोटात दुखतंय' म्हणावं; दवाखान्यात सिस्टरनं 'एल्लि नोवु?' विचारलं की 'होट्टे नोवु' म्हणून मोकळं व्हावं. माझं दुखणं सांगायला मात्र मला दोन्हींत शब्द मिळाला नाही, आणि त्यात चार वर्षं गेली.

धाकटीच्या वेळचं माझं दुसरं सिझेरियन. टाके चांगले भरले, ओटीपोटावरची रेघ फिकट झाली. पण नवराबायको म्हणून जवळ यायची वेळ आली की आत खोल काहीतरी ओढल्यासारखं दुखायचं, मग दोन दोन दिवस ठणका. आधी वाटलं, अंगावर पाजतेय म्हणून असेल. पुढं मी दिवा मालवायच्या आधीच झोपेचं सोंग घेऊ लागले. यांना वाटलं, माझं मन उडालं. ते विचारत नव्हते, मी सांगत नव्हते. जाऊबाईंपाशी आडून विषय काढला, तर म्हणाल्या, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच गं."

शेवटी पाळीच्या तक्रारीसाठी गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनीच सरळ विचारलं, "संबंधाच्या वेळी दुखतं का? सुरुवातीलाच, की आत खोल?" साधा प्रश्न, पण मला रडू कोसळलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ऑपरेशनची आतली जखम भरताना कधी कधी पापुद्र्यासारखे पट्टे तयार होतात. एरवी एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव त्यांनी चिकटून राहतात. माझी पिशवी पोटाच्या भिंतीला धरली गेली असावी, असा त्यांचा अंदाज. असे पट्टे सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. म्हणून आधी जंतुसंसर्ग, गाठी अशी दुसरी कारणं तपासून मग दुर्बिणीतून पाहायचं ठरलं. तो कागद मी रात्री यांच्यापुढं ठेवला. मला बोलावं लागलं ते थोडंच.

'दुर्बीण' ऐकताच सासूबाई चपापल्या. आमच्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं! "दोन्ही मुलीच, आणि एवढ्यात बंद?" तेव्हा हे म्हणाले, "आई, तिला दुखतंय. त्यासाठी आहे." चार वर्षांत ते घरात पहिल्यांदा कुणी मोठ्यानं बोललं.

पूर्ण भूल दिली होती. बेंबीपाशी सेंटिमीटरभर छेद, खाली त्याहून लहान दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि दुर्बिणीतून पाहत पट्टे कापतात. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा खांदाच जास्त दुखला. उरलेल्या वायूनं श्वासपटल चाळवतं आणि ते खांद्यात कळतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आतलं दुखणं खांद्यानं सांगावं, याचं मला हसू आलं.

त्यांनी आधीच बजावलं होतं, की कापताना आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा होऊ शकते, पट्टे पुन्हा धरू शकतात, आणि प्रत्येकीला गुण येतोच असं नाही. माझं दुखणं बरंच उतरलं, पार गेलं नाही. पण आता दुखलं की मी सांगते, आणि हे थांबतात.

परवा फराळाच्या गडबडीत जाऊबाईंनी स्वैपाकघराचं दार लोटून हळूच विचारलं, "तुझ्या त्या डॉक्टरबाई कुठं बसतात गं?"

मी पत्ता लिहून दिला. सोबत येते, असंही म्हटलं.