प्रश्न हाताला विचारावा

झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाचा आवाज मुळातच मोठा. धान निघालं की ब्रह्मपुरी-वडसा भागात मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानं नाटकं लागतात, रात्रभर चालतात, आणि मंडपातल्या शेवटच्या माणसाला संवाद ऐकू गेला नाही तर नाटक पडतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. त्या सवयीचा आवाज घेऊन मी आकाशवाणीत आले. माइक वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवला की 'प', 'फ'चे धक्के बसत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ऐकणारा एकटा असतो, चुलीपाशी नाहीतर बांधीवर, हे आवाजात उतरायला मात्र वर्षं जातात.

तरी आवाज कमावता येतो. निवेदकाची खरी परीक्षा प्रश्नात होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडच्या बाया मोहफुलं वेचायला जंगलात जातात. वाघाचा हल्ला झाला की बाहेरून कॅमेरे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, 'भीती वाटते का?' बाई म्हणते, 'वाटते ना.' पदर सावरते, संपलं. मी विचारते, 'मावशी, घरून किती वाजता निघता?' मग ती बोलायला लागते. फुलं पहाटे गळतात, उशीर केला तर जनावरं खाऊन टाकतात, म्हणून अंधारातच निघायचं. वेचायचं तर वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो. म्हणून जोडीनं जायचं, एकीनं वेचायचं, दुसरीनं लक्ष ठेवायचं. पण टोपली दोघींनाही भरायची असते, त्यामुळे लक्ष ठेवणारीही वाकते. भीती म्हणजे काय ते यात सगळं आलं, आणि मला तो शब्द उच्चारावाही लागला नाही.

टीव्हीवर हे अवघड जातं. कॉलरला माइक लावून खुर्चीत बसवलं की माणूस भाषण करू लागतो. रोवणी करणारीला चिखलातच बोलू द्यावं, हात चालू राहू द्यावेत. रेडिओला तर तो चिखलाचा आवाजही हवा असतो.

शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे २०१८ मध्ये गेले. त्यांच्यावर बोलताना नवी मुलं पुरस्कारांपासून सुरुवात करतात. मी त्यांना १९८३ पासून सुरू करायला लावते. 'पटेल ३' धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दादाजींनी त्या जपल्या, पुढच्या हंगामात पेरल्या, त्यातून बारीक दाण्याचं नवं वाण निघालं. व्यापाऱ्यानं त्याला तेव्हाच्या चलतीतल्या घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. असं सांगितलं की धान लावणाऱ्यांचे फोन येतात. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असतं, त्या तीन लोंब्या दादाजींनी वर्षभर ठेवल्या कशात?