पाटाकाठी

सकाळी पाम्पानेइराहून आम्ही अकरा जण निघालो. बुबियोन ओलांडून सुमारे 1,400 मीटर उंचीवरच्या कापिलेइराकडे चढताना ऊन चांगलंच तापलं. दक्षिण स्पेनमधल्या आल्पुहाराचे चढ दम काढतात.

वाटेत चेस्टनटच्या सावलीत हातभर रुंदीचा पाट लागला. इथे त्याला 'आसेकिया' म्हणतात. शब्द मूळचा अरबी, पाटांची ही रीतही अरबांच्या काळापासूनची. सिएरा नेवादा डोंगररांगेचं वितळलेलं बर्फ त्यातून शेतांत उतरतं. मी मनगटं बुडवली, क्षणात बधिर झाली. तळाशी एक पिवळं पान खड्याला अडकून थरथरत होतं. पुढे गेलेले परतले, मागचे येऊन टेकले. बराच वेळ कुणीच बोललं नाही.

तिथल्या शिखरांपेक्षा मला हा पाट मोठा वाटला. शतकानुशतकं कुणी ना कुणी त्याचा गाळ काढत आलं आहे. तिकडे गेलात, तर त्या पाण्यात साबण लावू नका. खाली कुणाची तरी भाजी भिजत असते.