दोरीच्या अलीकडे

दिल्ली पाहून आलेल्या मराठी माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, हुमायूनची कबर आणि शेवटी करोलबागेतली खरेदी, ही यादी तो एका दमात म्हणून दाखवील. हुमायूनच्या कबरीपासून फार दूर नाही असा एक झाकीर हुसेन मार्ग आहे. त्या रस्त्याला लागून लांबच लांब कुंपण आणि पलीकडे दाट झाडी दिसते. 'असेल एखादी सरकारी बाग' असे म्हणून आपला प्रवासी पुढे जातो. ती बाग नव्हे. तो दिल्ली गोल्फ क्लब. आत हिरवळीच्या मधोमध जुनी थडगी उभी आहेत, तांबड्या दगडाचा 'लाल बंगला' आहे, आणि खेळणाऱ्यांची काडीइतकी पर्वा न करता फिरणारे मोर आहेत.

मी काही गोल्फवाली नव्हे. माझे गोल्फचे ज्ञान पुण्याच्या गोल्फ क्लब चौकापुरते, आणि तिथेही वाहने तुंबतात एवढेच मला ठाऊक. तरी २० मार्च २०१६ च्या रविवारी मी त्या झाडीत साडेसहा तास चालले, आणि बरोबर होता माझा चौदा वर्षांचा पुतण्या.

त्याचे असे झाले. भावाकडे, लोदी कॉलनीतल्या त्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मी चार दिवस राहायला गेले होते. पुतण्याची नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. एरवी मी गेले की स्टेशनवरूनच बडबड सुरू करणारा हा मुलगा या वेळी पाया पडला आणि खोलीत जाऊन बसला. वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, पंधरा दिवस झाले, घरात कोणाशी धड बोलत नाही. क्रिकेटच्या संघात नाव आलं नाही म्हणे. बॅट माळ्यावर टाकून दिलीय." दादाने दोन वेळा समजूत घातली होती आणि तिसऱ्या वेळी आवाज चढवला होता. आता बापलेक ताटावरसुद्धा एकमेकांकडे बघत नव्हते.

शनिवारी रात्री मी वर्तमानपत्र चाळत होते. इंडियन ओपन या गोल्फस्पर्धेचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता. आदल्या वर्षीचा विजेता अनिर्बन लाहिरी खेळणार होता, आणि त्याचा जन्म पुण्याचा! पुणेकराला एवढे नाते पुरते. "आपल्या गावच्या मुलाला बघून येऊ," मी म्हणाले. पुतण्याने खांदे उडवले. त्या वयात याचा अर्थ होकार असतो.

सकाळी लवकरच रिक्षाने निघालो. रस्त्याच्या कडेला काटेसावर लालभडक फुलली होती आणि ऊन अजून सोसवत होते. आत शिरताच पहिला नियम कळला तो असा, की या खेळात प्रेक्षकाला जागा नाही. क्रिकेटला तिकिटावर आसनक्रमांक असतो. इथे खेळाडूच्या मागोमाग चालायचे. वाटेच्या दोन्ही अंगांना दोरी बांधलेली असते. दोरीच्या पलीकडे खेळाडू आणि त्याची पिशवी वाहणारा कॅडी, अलीकडे आपण. अठरा होल, एकूण अंतर सात हजार यार्डांच्या आसपास. म्हणजे पर्वती दोनदा चढून उतरलात तरी पाय इतके बोलणार नाहीत.

खेळ समजायला सोपा आहे. सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालायचा. पिशवीत काठ्या चौदाच, त्याहून जास्त चालत नाहीत. प्रत्येक होलला किती फटके लागावेत ते ठरलेले असते, त्याला पार म्हणतात. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. दिल्लीच्या मैदानाची पार बहात्तर. चार दिवस रोज अठरा होल खेळायचे. पण दोन दिवस झाले की चाळणी लागते, पहिले पासष्ट आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे राहतात. बाकीच्यांनी रिकाम्या हाताने घरी जायचे. या स्पर्धेची सुरुवात याच क्लबवर १९६४ मध्ये झाली. ऑस्ट्रेलियाचा थोर खेळाडू पीटर थॉमसन याने ती सुरू होण्यासाठी खटपट केली होती, आणि पहिल्या वर्षी जिंकलाही तोच.

शेवटच्या दिवशी मागे पडलेले सकाळी आधी खेळतात आणि आघाडीचे सर्वांत शेवटी निघतात. आम्ही लवकर पोचलो, त्यामुळे आमच्या वाट्याला आली ती मागे पडलेल्यांची जोडी. त्यांच्याबरोबर चालणारे आम्ही दोघे आणि कोणाचा तरी एक मित्र, एवढेच. या मैदानाच्या वाटा अरुंद आहेत आणि कडेला काटेरी झुडपांची दाट भिंत. त्यांतल्या एका उंच, गोऱ्या खेळाडूचा चेंडू सणसणत गेला तो थेट झुडपात. सगळे शोधू लागले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे शोधायला पाच मिनिटे मिळत (२०१९ पासून तीनच मिळतात). चेंडू सापडला नाही. तो मुकाट्याने मूळ जागी परत गेला, दंडाचा फटका सोसून दुसरा चेंडू मारला आणि पुन्हा तेवढेच अंतर चालत आला.

पुढे हिरवळीवर तो गुडघ्यांवर बसून उतार पाहू लागला. या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले, कॅडीशी कुजबुजला.

पुतण्या दिवसभरातले पहिले सबंध वाक्य बोलला. "आत्या, हा जिंकणार तर नाहीच. बघायलाही कोणी नाही. मग एवढा वेळ कशाला लावतोय?"

"एकेका फटक्यावर त्याचा क्रमांक ठरतो आणि क्रमांकावर पैसे. पोटाचा धंदा आहे त्याचा," मी म्हणाले.

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीही असेल. मला कुठे ठाऊक? विचारायची सोय नाही, दोरी आहे मध्ये."

तो किंचित हसला. आम्ही चालत राहिलो. मुलाला समोर बसवून 'बोल' म्हटले की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शेजारी शेजारी चालताना मात्र दोघांचीही नजर पुढे असते, आणि मधल्या मोकळ्या वाटेवर बोलणे आपोआप सुटते. शिवाय इथे खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की सगळ्यांनीच गप्प राहायचे. गप्प राहण्याचा दोष एकट्या मुलावर येत नाही.

सातव्या की आठव्या होलला, एका पडक्या घुमटाजवळ, तो म्हणाला, "आत्या, माझं नाव आलं नाही, ते खरं नाही. म्हणजे आलं नाही, पण मी दुसऱ्या दिवशी निवडीला गेलोच नव्हतो."

"मग कुठे गेलास?"

"लोदी गार्डनमध्ये बसलो होतो. पहिल्या दिवशी दोन झेल सुटले. सगळे हसले. मग पुन्हा कशाला..."

मी काही बोलणार, एवढ्यात दोरीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने हात वर केला. शांतता! समोर एकजण चेंडूवर वाकला होता. आम्ही दोघेही श्वास रोखून उभे. फटका बसला, चेंडू सरकत गेला आणि भोकाच्या कडेवरून वळून बाहेर राहिला. हात खाली आला. तोवर माझ्या मनातला उपदेश विरून गेला होता, बरेच झाले.

"बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"मी नाही सांगणार. ते तुझं तू बघ."

दुपारी आघाडीचे खेळाडू मैदानात उतरले आणि गर्दी वाढली. माझे डोळे अर्थात लाहिरीवर. पुतण्याचे लक्ष मात्र दुसऱ्याच खेळाडूवर खिळले. बुटका, शांत, पायाखाली पाहत चालणारा. कोलकात्याचा शिव शंकर प्रसाद चौरसिया. शेजारच्या एका वृद्ध शीख गृहस्थांनी आम्हांला त्याची हकीकत सांगितली, ती पुढे मी पडताळून पाहिली, अक्षरशः खरी निघाली. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर माळी होते, हिरवळ राखायचे. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. त्या हिरवळीच्या कडेला मुलगा वाढला आणि खेळ शिकला. इंडियन ओपनमध्ये तो १९९९ साली दुसरा आला. २००६ साली दुसरा. २०१३ साली पुन्हा दुसरा. २०१५ साली याच मैदानावर शेवटच्या दिवशी लाहिरी सात फटके मागून आला, बरोबरी साधली आणि जादा होलवर त्याला हरवून गेला. पुन्हा दुसरा!

"चार वेळा?" पुतण्याने विचारले.

"चार वेळा, बेटा," सरदारजी म्हणाले.

त्यानंतर माझ्या पुण्याच्या अभिमानाला घरात पाठिंबा उरला नाही. पुतण्या चौरसियाच्या बाजूने, मी लाहिरीच्या. दुखरे पाय विसरून आम्ही कधी याचा फटका गाठला, कधी त्याचा. धावफलकापुढे तो बोटांवर हिशेब करी आणि मला समजावून सांगे, "आत्या, त्याची बर्डी झाली तरी फरक राहतोच." चौरसिया काही चमत्कार करीत नव्हता. लांब मारण्यात त्याच्यापेक्षा जोरकस पुष्कळ होते. चेंडू वाईट जागी पडला तर तिथपर्यंत चालत जाई, काठी निवडी आणि तिथून खेळे.

शेवटच्या हिरवळीभोवती माणसांची भिंत झाली होती. पुतण्या टाचा उंचावून पाहत होता. चौरसिया जिंकला, पारच्या पंधरा फटके खाली, दोन फटक्यांनी. दुसऱ्या क्रमांकावर कोरियाचा एक कोवळा खेळाडू आणि त्याच्या बरोबरीने आमचा लाहिरी. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुतण्या ओरडला नाही, उड्या मारल्या नाहीत. टाळ्या मात्र सर्वांच्या थांबल्यावरही वाजवत राहिला.

रात्री जेवताना त्याने दादाला सबंध स्पर्धा सांगितली. सालांसकट. मग पानावरून उठता उठता म्हणाला, "बाबा, जरा गच्चीवर येता?" दोघे वर गेले. वहिनी माझ्याकडे पाहू लागली. मी भांडी आवरू लागले. ते तासाभराने खाली आले. वर काय बोलणे झाले ते मी आजवर विचारलेले नाही. सकाळी बॅट माळ्यावरून खाली आली होती.

वाचकांना वाटेल, आता तो पुढच्या वर्षी संघात निवडला गेला असणार. नाही. निवडीला दोन्ही दिवस गेला आणि नाव आले नाही. ही बातमी त्यानेच मला फोन करून दिली, आवाज थोडा जड होता एवढेच. त्याच मार्चमध्ये, २०१७ साली, इंडियन ओपन गुडगावच्या मैदानावर झाली आणि चौरसिया पुन्हा जिंकला, या वेळी सात फटक्यांनी. तेही त्यानेच कळवले, आणि वर विचारले, "तुझ्या लाहिरीचं काय?"

आपल्या घरीही असा एखादा गप्प झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर जवळपास कुठे अशी स्पर्धा आहे का ते पाहा. पायांत जुने, सवयीचे बूट घाला. टोपी आणि पाणी जवळ ठेवा. विजेत्यांमागे धावण्याआधी सकाळच्या, कोणी न पाहणाऱ्या जोडीबरोबर चार होल चाला. आणि प्रश्न विचारण्याची घाई करू नका. अठरा होलांचा रस्ता लांब असतो, निम्म्या वाटेवर कोणीतरी बोलतेच.