तेहतीस अनारसे

जावयाला सासरी फार मान असतो, असं ज्यांनी लिहून ठेवलं त्यांना आमचे सासरे भेटलेले नव्हते. भिवंडी तालुक्यातलं दिघाशी हे माझं सासर. सासऱ्यांना मी 'मामा' म्हणायचो. ते मला 'जावयबापू' म्हणायचे. आणि 'बापू'वर जरा जास्त जोर पडला, की मी सावध व्हायचो. उपयोग व्हायचा नाही, पण व्हायचो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा फुटून पालघर जिल्हा झाला. वाडा तालुका तिकडे गेला, भिवंडी ठाण्यात राहिली. या घटनेशी माझा संबंध इतकाच, की मी ठाण्याला एका बँकेत कारकून होतो. त्या पावसाळ्यात मामांनी मला अंबाडी नाक्यावर चहाला नेलं आणि टपरीतल्या समस्त मंडळींना सांगितलं, "हे आमचे जावई. ठाण्याला असतात. जिल्ह्याची रेघ ह्यांच्याच टेबलावर मारली."

झालं! वाड्याकडचे एक म्हातारे गृहस्थ कप खाली ठेवून माझ्याकडे वळले. "साहेब, आम्हाला पालघरात का हो टाकलंत?" आवाजात राग नव्हता, दुःख होतं, तेच वाईट. मी मामांकडे पाहिलं. ते बशीतल्या चहावर इतकं मन लावून फुंकर घालत होते, की जिल्हा सोडा, राज्य फुटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. शेवटी मी म्हणालो, "बघतो." सरकारी माणूस दुसरं काय म्हणणार? मामा घरी पोचेपर्यंत हसत होते.

पण खरा घाव धोंड्याच्या महिन्यातला. २०१५ साली अधिक आषाढ आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून मामींनी ताटात ३३ अनारसे मोजून मांडले आणि निरांजन आणायला त्या आत गेल्या. तेवढ्यात मामांनी एक उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. मामी आल्या, ताटाकडे पाहून थबकल्या. मामांनी तोंड मिटूनच माझ्या दिशेने हनुवटी उडवली. आता सांगा, साक्षात सासऱ्यावर चोरीचा आळ घेणारा जावई आजवर झाला आहे का? मी मान खाली घातली. मामी काही न बोलता आत जाऊन आणखी एक अनारसा घेऊन आल्या. २०१८ च्या अधिक ज्येष्ठात पुन्हा तेच. २०२० चा धोंडा करोनात गेला म्हणून वाचलो. पण सासरच्या दप्तरी खादाड अशी नोंद व्हायची ती झालीच होती.

२०२२ च्या माघात मामा गेले. झोपेतच. आधी कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही त्यांची नेहमीचीच पद्धत.

दहाव्याला वाड्याचे ते म्हातारे आले. माझ्याशेजारी बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या वाड्याचं काही जमलं का?" मी सवयीने मामांकडे पाहायला वळलो. समोर हार घातलेला फोटो होता. आवाज फुटायला थोडा वेळ लागला. मग म्हणालो, "बघतो."

२०२३ ला अधिक श्रावण आला. आता वाण कोण देणार, अशी कुजबुज घरात झाली. "मीच देणार," मामी म्हणाल्या. ३३ मोजून ताट मांडलं आणि त्या निरांजन आणायला आत गेल्या. जरा जास्तच वेळ आत राहिल्या. ताटाला कुणी हात लावला नाही. बाहेर आल्या तेव्हा एका हातात निरांजन होतं, दुसऱ्या हातात एक अनारसा.

"दर वेळी मी चौतीस तळायचे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं? अहो, खसखस त्यांच्या मिशीला लागलेली असायची."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पुढच्या वेळी त्यांनी घेतला असता का?"

चौतिसावा त्यांनी ताटात ठेवला नाही, डब्यातही परत टाकला नाही. बराच वेळ तसाच हातात धरून बसल्या.