होडीचा बेत

दिंडोरीसारख्या गावी राहणाऱ्या माणसाने कालव्यावर सहलीस जाण्याचा बेत करावा, हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांस हसू आले, यात त्यांचा काही दोष नाही. आमच्या तालुक्यात कालव्यांस तोटा नाही. कादवेवर करंजवण व पालखेड, कोळवणवर वाघाड, उनंदेवर पुणेगाव व ओझरखेड अशी धरणे आहेत, आणि त्यांतून निघालेल्या पाटांनी व चाऱ्यांनी ही सारी द्राक्षांची भूमी विणून काढली आहे. परंतु या कालव्यांवर फिरावयास म्हणून कोणी गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेथे जावयाचे ते पाळी आली म्हणून. आणि पाळी ही बहुधा रात्रीच येते. खांद्यावर फावडे, हातात विजेरी, पायांत चिखल आणि मनात वरच्या शेतकऱ्याविषयी संशय, अशा सामग्रीनिशी आमच्याकडचा मनुष्य कालव्यावर जातो. त्या पाण्यावर होडी सोडून, चहा पीत, कडेची बदके पाहत आठ दिवस घालवावयाचे, ही कल्पना आमच्या घरात प्रथम आली ती समुद्रापलीकडून.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला असतात. त्या शहराच्या पोटातून कालवे गेलेले आहेत, आणि कचेरीस जाता-येता त्यांच्या काठाने चालण्याची त्यांना सवय जडली आहे. एके रविवारी त्यांनी मोबाइलवर एका लांबोड्या होडीची चित्रे पाठविली व खाली लिहिले, 'येत्या ऑगस्टात तुम्ही दोघे, काका-काकू आणि आम्ही तिघे, अशी सात माणसे या होडीत राहू. आठ जणांची सोय आहे. मात्र काका-काकू येणार असतील तरच होडी. नाहीतर आपले हॉटेल बरे.'

चित्रे पाहून आमच्या कुटुंबाने पहिला प्रश्न केला तो असा, "अहो, ही होडी आहे की आगगाडीचा डबा?"

प्रश्न अगदी रास्त होता. या होड्यांची लांबी सत्तर फुटांपर्यंत असते आणि रुंदी अवघी सहा फूट दहा इंच. त्याचे कारण इतिहासात आहे. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी जेम्स ब्रिंडली या कारागिराच्या हातून कालवा काढविला, आणि त्या शहरी कोळशाचा भाव निम्म्यावर आला असे सांगतात. मग देशभर कालव्यांचे वेड पसरले. चढउताराच्या जागी होडी वर-खाली नेण्यासाठी जी दोन दारांची कोठडी बांधतात, तिला लॉक म्हणतात. मध्य इंग्लंडातल्या बहुतेक कालव्यांवर ही कोठडी सुमारे सात फूट रुंद ठेवण्यात आली. त्यामुळे खर्चही कमी लागे व पाणीही. कोठडी सात फुटांची, म्हणून होडी त्याहून दोन बोटे कमी. काठावरून घोडा ओढी, आणि होडीच्या शेपटाशी आठ-दहा फुटांच्या खोलीत नावाड्याचे सारे बिऱ्हाड नांदे.

आगगाडी आली आणि हा व्यापार हळूहळू बसला. ज्याला कोणी वाली उरला नव्हता अशा त्या गाळाने भरलेल्या कालव्यांतून एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर १९३९ साली आपल्या होडीने हिंडला. त्याचे पुस्तक १९४४ साली निघाले, आणि १९४६ साली कालवे वाचविण्यासाठी तेथे एक संस्थाच उभी राहिली. आज इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ साली स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेकडे आहेत, आणि कोळशाच्या जागी आता आमच्यासारखी मंडळी वाहिली जातात. आपल्या देशातही १८५४ साली सुरू झालेल्या गंगेच्या कालव्यावर होड्यांसाठी लॉक बांधलेली होती. पण आपल्याकडे कालवा म्हणजे शेताचे पाणी, हा अर्थच कायम राहिला. आम्हांस त्यात गैर काही दिसत नाही.

हे सर्व वाचावयास सोपे. बेत ठरविताना अडचणी निराळ्याच निघाल्या. पहिली अडचण पंचांगाची. नातीच्या शाळेस सुटी मे महिन्याच्या अखेरीस एक आठवडा असते, नाहीतर थेट जुलैच्या शेवटी. आमचे धाकटे बंधू, ज्यांना घरात आप्पा म्हणतात, त्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी झाली की मे महिना वेलीपाशीच काढावा लागतो, कारण पुढल्या वर्षीचा घड काडीत धरतो तो त्याच दिवसांत. सप्टेंबर लागला की गोडी छाटणीचे वेध. म्हणजे ऑगस्टाचा पहिला पंधरवडा तेवढा उरतो; आणि त्यात बहुधा श्रावण, उपास आणि सोमवार. आमच्या कुटुंबाने साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ व शेंगदाण्याचे कूट यांची यादी करून हा प्रश्न एका संध्याकाळी निकालात काढला. व्हिसाचा अध्याय आम्ही येथे गाळतो. त्यात कोणास गोडी वाटण्यासारखे काही नाही.

दुसरी अडचण मार्गाची. चिरंजीवांनी लँगॉलनचा कालवा सुचविला होता. एल्समियर या गावाहून निघून वेल्सच्या डोंगरांत लँगॉलनपर्यंत जावयाचे व त्याच वाटेने परतावयाचे. नवशिक्यांस हा मार्ग बरा, कारण जाताना न्यू मार्टनची दोनच लॉक लागतात. मात्र पोंटकसिल्टे येथे डी नदीच्या खोऱ्यावरून कालवाच पुलावरून जातो. टेल्फर्ड व जेसप यांचे हे काम १८०५ साली पुरे झाले. एक हजार सात फूट लांब लोखंडी पन्हळ, नदीपासून एकशे सव्वीस फूट उंचीवर. एका बाजूस पायवाट व कठडा, दुसऱ्या बाजूस पन्हळीची वीतभर कड आणि पुढे नुसती हवा. २००९ साली जागतिक वारशात त्याची गणना झाली. "वारसा असेल," आमचे कुटुंब म्हणाले, "मी पायवाटेने चालत येईन." यावर तडजोड नाही, हे आम्ही बेतात लिहून ठेवले आहे.

परंतु खरी अडचण या दोन्ही नव्हत. होडीचा नकाशा पाहताना ती आमच्या ध्यानी आली होती. आतली वाट जेमतेम दीड हात रुंद. दोन माणसे समोरासमोर आली, तर एकाने मागे सरून दुसऱ्यास वाट दिल्यावाचून गत्यंतर नाही. चर्कच्या बोगद्याचीही तीच तऱ्हा. साडेचारशे यार्डांचा तो बोगदा एकच होडी जाईल एवढा; पलीकडून दिवा येताना दिसला तर आपण थांबावयाचे. अशा जागेत आठ दिवस आम्ही व आप्पा राहावयाचे! आम्हां दोघां भावांत गेली कित्येक वर्षे लग्नकार्यापुरते बोलणे उरले होते. चिरंजीवांचे बालपण काकांच्या मळ्यात गेले. त्यांनी ती अट उगाच घातली नव्हती.

भांडण झाले म्हणावे, तर भांडण असे कधी झालेच नाही. आमचा वडिलोपार्जित मळा एकाच चारीवर आहे. वरचा तुकडा आमचा, खालचा आप्पांचा. आम्ही शाळेत मास्तर, म्हणून जमीन वाट्याने दिलेली. एका टंचाईच्या वर्षी उन्हाळ्यात एकच आवर्तन मिळावयाचे होते. आमची पाळी रात्री दोन वाजता संपत होती आणि तेथून आप्पांची सुरू होत होती. वाटेकरी तापाने पडला होता, सबब त्या रात्री आम्ही स्वतःच चारीवर गेलो. टोमॅटोच्या शेवटच्या काही सऱ्या भिजावयाच्या राहिल्या होत्या. दार आम्ही दोन वाजता पाडले नाही. सकाळी आप्पांनी विचारले, तेव्हा 'यंदा पाणीच कमी सोडले' असे आम्ही सांगितले. ज्या मनुष्याने चाळीस वर्षे मुलांस खरे बोलावे म्हणून शिकविले, त्याने हे सांगितले. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांची नव्याने छाटलेली बाग त्या उन्हाळ्यात अर्धी सुकली, आणि त्यानंतर ते आमच्या ओट्यावर आले नाहीत.

आता मात्र आले; पुतण्याचे मन मोडवेना म्हणून आले. काकूही आल्या. चिरंजीवांनी पाठविलेली माहिती इंग्रजीत, तेव्हा ती मराठीत वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की होडी उजवीकडे वळते, हे आप्पांना चटकन् उमगले. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना तेच होते म्हणाले. ताशी चार मैलांहून अधिक वेग नको, याचे कारण त्यांनी आम्ही सांगण्याआधीच सांगितले: काठ ढासळतो. एका वेळी लॉक भरावयास लाखाहून अधिक लिटर पाणी लागते, हे ऐकून मात्र त्यांच्या कपाळास आठी पडली.

"एवढं पाणी नुसती होडी चढवायला?"

पाणी वाया जात नाही, ते खालच्या टप्प्यात उतरते, असे आम्ही सांगितले. आणि २०२५ साली पाऊस ओढ देऊन बसला तेव्हा इंग्लंडातल्या कित्येक कालव्यांवरची लॉक बंद ठेवावी लागली, हेही सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. "मग हे लँगॉलनचं पाणी शेवटी जातं कुठं?"

हा प्रश्न आम्हांस सुचला नसता. शोधता असे आढळले, की हा कालवा इतर कालव्यांसारखा स्तब्ध नसून वाहता आहे. डी नदीवर टेल्फर्डने बांधलेल्या बंधाऱ्यातून त्यात पाणी येते. १९४४ साली कायद्याने हा कालवा वाहतुकीस सोडून देण्यात आला. एरवी तो बुजलाच असता. परंतु खालच्या टोकास त्याच्या पाण्याची गरज होती. १९५५ साली पाणीपुरवठ्याचा करार झाला, हर्लस्टनच्या तलावातून चेशायरकडील घरांस पिण्याचे पाणी मिळू लागले, आणि त्या पाण्याच्या आधाराने होड्यांचीही वाट राहिली.

आप्पा प्रथमच खुलले. "म्हणजे टेलवाल्यांनी कालवा वाचवला!"

आमच्या भागात या वाक्यास अर्थ आहे. वाघाडच्या उजव्या कालव्याच्या शेपटास ओझर. तेथवर पाणी पोहोचेना, तेव्हा १९९० नंतरच्या वर्षांत समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी शेपटाच्या शेतकऱ्यांस एकत्र करून पाणीवापर संस्था उभारल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पैसे भरावयाचे आणि वाटप आपसांत करावयाचे, ही रीत तेथे पडली. पुढे २००५ साली राज्याने यासाठी कायदाच केला. त्या पहिल्या दिवसांत आप्पा ओझरला सभांस जात असत. आम्ही एकदाही गेलो नाही. आमचा तुकडा वरचा होता.

मग लॉकचे नियम वाचू लागलो. होडी आत घ्या, मागची दारे लावा, झडपा सावकाश उघडा; उतरताना होडीचे शेपूट उंबऱ्यावर अडकू देऊ नका, नाहीतर होडी उलटते. शेवटचा नियम असा होता, की पुढे निघण्यापूर्वी झडपा पाडल्या आहेत व दारे लागली आहेत, हे स्वतः पाहा; उघडे टाकून गेलात तर दुसऱ्याचे पाणी वाहून जाईल.

हे वाक्य मराठीत करताना आम्ही अडखळलो. घरात कोणी बोलत नव्हते. आतून काकूंनी लावलेल्या कुकरची शिट्टी तेवढी झाली. कागद खाली ठेवून आम्ही आप्पांना सांगितले, की त्या वर्षी पाणी कमी सोडले नव्हते; दार आम्ही दोन वाजता न पाडता चार वाजता पाडले.

आप्पा खिडकीबाहेर पाहत होते. "साडेचारला, दादा," ते म्हणाले. "मी खालच्या बांधावरच उभा होतो."

आम्हांस काही सुचेना. अडीच तास हा मनुष्य अंधारात कोरड्या चारीजवळ उभा राहिला, आणि शंभर पावलांवर येऊन त्याने आम्हांस हाक मारली नाही! का मारली नाही, असे आम्ही विचारले.

"तुम्ही मास्तर होता," आप्पा म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "वाचा की पुढं. झडप उघडायची ती मूठ असते ना लोखंडाची, ती किती वजनाची?"

ती मूठ लॉकवर नसते, ज्याच्या त्याच्या होडीवर असते, आणि हातून निसटून कालव्यात पडली तर नवी घ्यावी लागते, असे माहितीत होते. आप्पांनी ती आपल्याकडे ठेवण्याचे ठरविले आहे. सुकाणू चिरंजीवांकडे. आमच्याकडे दोर धरून काठावर उभे राहण्याचे काम आले. ते आम्ही मुकाट्याने पत्करले. जेवणे झाल्यावर आप्पांनी ओट्यावर खडूने सहा फूट दहा इंचांच्या दोन रेघा ओढल्या, मधोमध वाट आखली, आणि आम्हां दोघांस दोन टोकांकडून चालावयास लावले. पहिल्या खेपेस मागे कोणी सरावे, हे ठरेना. आमची कुटुंबे दारात उभी राहून हसत होती.

चिरंजीवांस त्याच रात्री होकार कळविला. सात माणसांत आठवी जागा रिकामी राहते, ती काकूंनी लोणच्याच्या बरण्यांसाठी मागून घेतली आहे.